कोच

आमच्या आळीत त्यांना कोच म्हणतात. आयुष्यात त्यांनी कुणालाही कोचिंग दिलेलं नाही. दिलं असेल तर टीव्हीला. खरं नाव सांगत नाही, कारण त्या नावाची माणसं भुईगाव, गास, निर्मळ मिळून पंधरा तरी निघतील आणि पंधराही जणांना वाटेल, हा आपल्यावरच घसरला.

2015 साली मी गिरगाव सोडून वसईत राहायला आलो. पहिल्याच रविवारी संध्याकाळी कुंपणापलीकडून आरडाओरडा ऐकू आला. "अरे पास दे! पास दे मेल्या! कुणासाठी ठेवलायस?" विरार लोकलच्या मुलखात पास म्हणजे एकच. मला वाटलं, बापलेकांत रेल्वेच्या पासावरून जुंपली आहे. नवा शेजारी म्हणून मध्यस्थी करायला गेलो तर ओटीवर एक लाकडी बाक, बाकावर साठीचे एक गृहस्थ, आणि समोर टीव्ही. मुलगा कुठेच नाही. गृहस्थांनी माझ्याकडे न बघता सरकून जागा केली. "बसा. दोन मिनिटं राहिलीत." मी बसलो. त्याला दहा वर्षं झाली. अजून नीट उठता आलेलं नाही.

ठेंगणी मूर्ती, डोक्यावर केस नाहीत, पण भुवया इतक्या दाट की त्यांच्या हालचालीवरून स्कोअर कळावा. फोर्टातल्या एका बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली, रोज विरार लोकलने. डब्यातल्या भजनी मंडळात ते टाळ वाजवायचे. ख्रिस्ती माणूस टाळ कसा धरतो, याचं डब्यात पहिले दोन दिवस नवल झालं, तिसऱ्या दिवशी टाळ नसला की चुकल्यासारखं व्हायला लागलं. स्टेडियममधल्या घोषणा म्हणजे दुसरं काही नाही, भजनच आहे, असं कोच मानतात. एकाने उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं, आणि देव प्रसन्न होईल याची खात्री धरायची नाही. घरामागे केळीची वाडी, बांधाला सोनचाफा. चाफा पहाटेच्या गाडीने दादरला जातो. या वाडीला पुढे फार महत्त्व येणार आहे.

फुटबॉलवेडी माणसं वसईत नवी नाहीत. वर्ल्ड कपच्या वर्षी ब्राझील, अर्जेंटिना, पोर्तुगालचे झेंडे आमच्याकडे मोहोर फुटावा तसे फुटतात. कोच या मंडळींना "मोसमी" म्हणतात. पोर्तुगालचा झेंडा लावणाऱ्या पोरांना तर ते हमखास अडवतात. "दोनशे वर्षं होते ते इथे. किल्ला दिला, आडनावं दिली, फुटबॉल दिला नाही. 1739 ला चिमाजी अप्पांनी घालवले तेव्हा फुटबॉलचे नियमसुद्धा लिहून व्हायचे होते. इंग्रजांनी लिहिले, 1863 ला. मग झेंडा कुणाचा लावशील?" पोरगं इंग्लंडचा झेंडा शोधायला जातं आणि कोच समाधानाने घरात येतात. त्यांचा स्वतःचा झेंडा निळा आहे आणि तो बारमाही आहे. कोच मुंबई सिटी एफसीचे आहेत.

इथवर ते कसे आले, ही एक दुःखद मालिका आहे. लहानपणी वडिलांचा हात धरून ते कूपरेजला रोव्हर्स कप बघायला जायचे. 1891 पासून चालत आलेली ती स्पर्धा. कोच नोकरीत रुळले, लग्न झालं, घर बांधलं, आणि नवं शतक उजाडता उजाडता ती बंद पडली. मग त्यांनी महिंद्रा युनायटेडवर जीव टाकला. डेरिक परेरांच्या हाताखाली त्या संघाने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. याकुबू आणि स्टीव्हन डायस ही नावं कोच अजून भाच्या-पुतण्यांसारखी घेतात. 2010 मध्ये तो संघच गुंडाळला गेला. कोच मुंबई एफसीकडे वळले. प्रशिक्षक खालिद जमीलचा तो चिवट संघ फारसं जिंकायचा नाही, पण हरायचा तोही काटकसरीने. 2017 मध्ये आय-लीगच्या तळाला जाऊन तोही आटोपला. गंमत म्हणजे त्याच मोसमात खालिदने मिझोरमच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली. कोच म्हणाले, "बघा, आपल्याकडून गेला आणि मुलगा मार्गी लागला."

"तुम्ही ज्याच्यावर जीव लावता ते बंद पडतं," असं त्यांच्या बायकोने एकदा ऐकवलं. कोच म्हणाले, "तुझ्यावर लावलाय. तू चालू आहेस ना?" संसारातलं हे त्यांचं एकमेव प्रेमाचं वाक्य, असं बाईंचं म्हणणं आहे. बाई म्हणजे त्याच. मराठी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे निवृत्तीनंतरही आख्खं गाव आणि खुद्द नवरा त्यांना बाईच म्हणतो. ऑफसाइडचा नियम त्यांना कोचपेक्षा चांगला कळतो. पण वर्गात हुशार मुलासमोर गप्प राहावं, तशा त्या गप्प असतात.

मुंबई सिटी आली 2014 मध्ये. इंडियन सुपर लीगचा पहिला सामना 12 ऑक्टोबरला झाला. त्याआधी अडीच महिने, 1 ऑगस्टला, आमचा पालघर जिल्हा जन्मला. कोच दोघांची प्रगती एकत्र बघतात. "लीगचा मोसम निदान वेळेवर संपतो," एवढंच ते जिल्ह्याबद्दल बोलतात. मुंबई सिटीला "आयलंडर्स" म्हणतात, म्हणजे बेटकरी. खाडीच्या अलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या महापालिकेत राहून आपण बेटकरी कसे, असं मी विचारलं. "वसईसुद्धा बेटच होतं पोर्तुगीजांच्या वेळी," ते म्हणाले. "खाडी गाळाने भरली, त्याला मी काय करू?"

त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. सामना जिंकला की कोच म्हणतात, "आपण जिंकलो." हरला की म्हणतात, "आम्ही हरलो." विजयात त्यांनी मला, बाईंना, कुंपणाबाहेरून जाणाऱ्या पाववाल्यालाही धरलेलं असतं. पराभवात मात्र कुणालाही आत घेत नाहीत. मी एकदा सांत्वनाला म्हणून म्हणालो, "कोच, आज आपण थोडक्यात हरलो." भुवया वर गेल्या. "तुम्ही कधीपासून?"

बाईंकडे एक वही आहे, दोनशे पानी, उभ्या रेघा मारलेली. तिची सुरुवात 17 नोव्हेंबर 2015 ला झाली. त्या रात्री मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवाने मुंबईला 7-0 हरवलं. निकोलस अनेल्का तेव्हा मुंबईचा खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. कोच म्हणाले, एका माणसाला दोन्हीकडून कसं काढायचं? पाचव्या गोलनंतर त्यांचे कान लाल झाले, सहाव्यानंतर पांढरे पडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, सामन्याच्या मध्यंतरात रक्तदाब मोजा आणि लिहून ठेवा. तेव्हापासून वहीत चार रकाने आहेत: तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल, रक्तदाब. निकालाचा रकाना हाताने झाकून नुसता रक्तदाब वाचला तरी भारतीय फुटबॉलचा इतिहास कळतो. 2016 मध्ये मुंबई साखळीत पहिली आली आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरली. पहिल्याच लढतीत दिएगो फोर्लानला लाल कार्ड मिळालं. 2010 च्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू आपल्या संघात आहे, आणि तो बाहेर चाललाय. वहीत त्या तारखेपुढे आकडे नाहीत. बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: "मोजू दिला नाही."

अंधेरीच्या स्टेडियममध्ये जायचं म्हणजे कोचचा सण. संध्याकाळी वसई रोडहून चर्चगेटकडे जाणारी गाडी रिकामी. परतीच्या प्रवासात खरा सामना. रात्री दहाच्या सुमाराला अंधेरीला विरार गाडीत शिरणं हे कुठल्याही बचावफळीतून घुसण्यापेक्षा अवघड, आणि इथे रेफ्री नसतो. पण कोचना गर्दीचं काही नाही. त्यांना खुपतं ते वेगळंच. अंगात निळी जर्सी बघून कुणीतरी हटकून विचारतो, "काका, मुंबई इंडियन्स का?" कोच समजावतात, फुटबॉल. मग पुढचा प्रश्न येतो, "आज मॅच होती?" हरल्याचं दुःख ते बोरिवलीपर्यंत विसरतात, आपण हरलो हे कुणाला ठाऊकच नाही, हे दुःख नायगाव आलं तरी उतरत नाही. एकदा भाईंदरच्या पुलावर गाडी थांबली असताना ते मला म्हणाले, "निदान हसायला तरी चार माणसं पाहिजेत हो."

ही भूक मला समजली ती माझा एक कोल्हापूरचा मित्र वसईला आला तेव्हा. कोल्हापुरात तालमींचे संघ. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा; शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ लोटते, आणि हरलेल्याला हसायला गाव पुरून उरतं. मित्र कोचना म्हणाला, "आमचा सेंटर फॉरवर्ड आमच्या बोळात राहतोय. सकाळी दूध आणायला दिसतोय. तुमचा कुठल्या देशाचा, पुढच्या वर्षी कुठल्या संघात, काय पत्ता हाय? त्याच्यावर एवढा जीव जाळायचा?" मला वाटलं, कोच अडकले. त्यांनी केळ्याची साल शांतपणे सोलली आणि म्हणाले, "आमच्या निर्मळच्या जत्रेत सगळे दुकानदार बाहेरून येतात. जत्रा आमचीच असते." कोल्हापूरकर गप्प झाला. कोल्हापूरकराला गप्प झालेलं मी दुसऱ्यांदा बघत होतो. पहिल्यांदा मिसळीवरून झाला होता.

अंधश्रद्धेचा विषय काढला की कोच दुखावतात. चर्चमध्ये वाचन करणारा माणूस मी, माझ्याकडे कसली अंधश्रद्धा, म्हणतात. मग बाई जर्सीची गोष्ट काढतात. 2022-23 च्या मोसमात मुंबईने साखळीतले पहिले 18 सामने एकही न हरता काढले, 14 जिंकले, 4 बरोबरीत. हे 18 सामने कोचनी जर्सी धुऊ दिली नाही. ऑक्टोबरचा उकाडा तिने काढला, नाताळ काढला. ओटीवर येणारं मांजर येईनासं झालं. शेवटी लीग शील्ड पक्की झाली तसा बाईंनी निःश्वास सोडला, तोही तोंडाने, आणि जर्सी भिजत घातली. साखळीतले उरलेले दोन्ही सामने मुंबई हरली. शील्ड आधीच मिळालेली असल्यामुळे काही बिघडलं नाही, असं जगातला प्रत्येक माणूस म्हणेल. कोच पंधरा दिवस बाईंशी साबणाविषयी बोलले नाहीत.

आता सून.

2019 च्या जानेवारीत कोचच्या मुलाचं लग्न झालं. मुलगी मडगावची. शिकलेली, हसरी, घरात पाऊल ठेवताच बाईंच्या सगळ्या कुंड्यांची नावं विचारणारी. कोच खूश. साखरपुड्याला कुणीतरी सहज विचारलं, माहेर मडगावात नेमकं कुठे? ती म्हणाली, "आमच्या गच्चीतून फातोर्ड्याचे दिवे दिसतात." कोचच्या हातातला केक तसाच राहिला. मागाहून त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गच्चीतून नुसते दिवे दिसतात, की मैदानही?" मुलीच्या घराण्याची चौकशी एवढ्या बारकाईने गावात कुणी केली नसेल.

पहिले दोन महिने कुणी काही बोललं नाही. मग उपांत्य फेरीत मुंबईसमोर गोवा आला, पहिली लढत अंधेरीला, 9 मार्च, शनिवार. नव्या सुनेला घेऊन जाणं हा सासऱ्यांचा मोठेपणा होता. ती पांढरा ड्रेस घालून आली. निळा घातला तर माहेर सुटतं आणि नारिंगी घातला तर सासर. पहिला गोल मुंबईने केला आणि कोचनी तिला स्वतःच्या हाताने समोसा दिला. त्यानंतर गोव्याने पाच केले. चहूकडे निळी माणसं मान खाली घालून बसलेली, आणि त्यांच्यात एक मुलगी पाच वेळा ओढणी तोंडात कोंबते आहे. 5-1. परतीच्या गाडीत ती एक शब्द बोलली नाही. नायगाव गेल्यावर कोचच म्हणाले, "ओरडून घे. आता डब्यात कुणी नाही." राखेचा बुधवार होऊन तीन दिवस झाले होते. कोच अजून सांगतात, त्या वर्षी राख कपाळाला बुधवारी लागली, पण खरी लागली शनिवारी.

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. घरातल्या बाकी माणसांना सामना हरला की जेवायचं कसं, एवढाच प्रश्न पडतो. हिला जेवण जात नाही, हे कोचनी ओळखलं. 2020 मध्ये गोव्याचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईला आले आणि त्यांच्या मागोमाग बूमूस, जाहू, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई. फॉलनेच त्या शनिवारी अंधेरीला मुंबईवर गोल केले होते. सून म्हणाली, "पप्पा, ही सगळी आमच्याकडची. आणि मीही. आम्ही यायच्या आधी तुमच्या घरात काही जिंकलं होतं का?" कोचना उत्तर सुचलं नाही. त्या मोसमात मुंबईने उपांत्य फेरीत गोव्यालाच पेनल्टीवर 6-5 असं काढलं आणि 13 मार्च 2021 ला अंतिम सामन्यात मोहन बागानशी गाठ पडली. कोरोनामुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये. 1-1. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला भुईगावात दिवे गेले.

त्या अंधारात कोचनी उच्चारलेले शब्द सामवेदी बोलीत होते. मला सामवेदी अर्धी कळते. त्या दिवशी अर्धी कळते याचा आनंद झाला. दिवे आले तेव्हा पडद्यावर निळ्या जर्सीतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. कोचना वाटलं, कुणाला तरी जबर लागलंय. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला होता. मुंबईने पहिल्यांदा कप जिंकला, 2-1, आणि पन्नास वर्षं ज्या क्षणासाठी माणूस थांबला होता तो क्षण त्याने रीप्लेमध्ये बघितला.

(मध्ये नेमारचंही एक प्रकरण झालं, ते थोडक्यात सांगतो. 2023 मध्ये आशियाई स्पर्धेत सौदी अरेबियाचा अल हिलाल मुंबईच्या गटात आला, म्हणजे त्या संघातला नेमार नवी मुंबईत खेळणार. बाई पहिल्यांदाच आपण होऊन म्हणाल्या, मीही येते. ऑक्टोबरात नेमारचा गुडघा गेला. 6 नोव्हेंबरला दोघं गाड्या बदलत नेरूळला पोचली आणि मुंबई 2-0 हरली. कोच म्हणाले, "रियाधला सहा झाले होते, इथे दोनच." बाई म्हणाल्या, "मी ज्याला बघायला आले तो कुठाय?")

24 एप्रिल 2024. उपांत्य फेरी, पहिली लढत, गोवा विरुद्ध मुंबई, फातोर्डा. ओटीवर कोच, बाई, मुलगा, सून आणि मी. सुनेने मडगावला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकून ठेवलेला. तिकडे माहेरची माणसं ओळीने बसलेली, लग्नाच्या फोटोत बसतात तशी. गोवा 2-0 ने पुढे. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कोच उठले, चपला घातल्या. "वाडीत पाणी सोडून येतो." रात्रीच्या सव्वानवाला केळीला पाणी कोण सोडतं? पण कुणी अडवलं नाही. माणसाला एकटं रडायचं असलं तर अडवू नये, एवढी समज वसईत आहे.

मोटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि मुंबईच्या छांगटेने गोल केला. "एक," बाई म्हणाल्या, हजेरी घ्यावी तशा. मडगावला अजून हसत होते. काही कळायच्या आत विक्रम प्रताप सिंगने दुसरा मारला. 2-2. व्हिडिओ कॉल अडकला असं मला वाटलं. अडकला नव्हता, माणसंच तशी बसली होती. भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगटेने तिसरा केला आणि सामना संपला. गोवा 2, मुंबई 3. ओटीवर चिटपाखरू ओरडलं नाही. सगळ्यांनी एकाच वेळी वाडीच्या दिशेने बघितलं. हे त्या माणसाला जाऊन सांगायचं कुणी?

सून उठली. मी मागच्या दारापर्यंत गेलो, कबूल करतो. कोच पाठमोरे, हातात पाइप, एकाच केळीच्या आळ्यात धार धरलेली, आळं कधीच भरून वाहायला लागलेलं.

"पप्पा, तीन."

"तीन झाले? बरं," ते वळले नाहीत. "घरात जा तू, डास आहेत."

"तुमचे तीन."

"थट्टा करतेस?"

"मडगावची आहे मी, पप्पा. असली थट्टा मला परवडेल का?"

पाइप खाली पडला आणि सापासारखा वळवळून त्याने दोघांना भिजवलं. कोच मटकन त्या आळ्याच्या कडेला बसले, चिखलात, नीट. सून शेजारी बसली. ती रडत होती, ती गोवा हरला म्हणून. ते रडत होते त्याचं कारण त्यांनाही सांगता आलं नसतं. तोवर त्यांनी स्कोअर पुन्हा एकदा विचारून घेतला होता आणि तिने हुंदके देत देत गोल कुणी, कितव्या मिनिटाला, सगळं सांगितलं होतं. आवाज ऐकून पलीकडची म्हातारी कंदील घेऊन कुंपणाशी आली. "काय गे झालं? कोण गेलं?" बाई दारातून म्हणाल्या, "गोवा."

पुढचं सरळ आहे. घरात ठराव झाला की कोचनी सामना बघायचा नाही. ठराव मांडला मुलाने आणि अनुमोदन दिलं खुद्द कोचनी. अंधेरीच्या परतीच्या लढतीला ते तिकीट काढून गेले आणि दोन तास बाहेर चहाच्या टपरीवर बसले. मुंबई 2-0 जिंकली. 4 मेला कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध अंतिम सामना. पूर्वार्धात कोच मोह न आवरून ओटीवर येऊन बसले आणि मध्यंतराच्या तोंडावर बागानने गोल केला. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. सुनेने काही न बोलता त्यांच्या चपला पुढे आणून ठेवल्या. उत्तरार्धात मुंबईने तीन केले: दियाझ, बिपिन, आणि अगदी अखेरीस वोयतुश. प्रत्येक गोलनंतर सून मागच्या दारात जाऊन बोटं दाखवायची, एक, दोन, तीन, आणि अंधारातून उत्तर म्हणून पाण्याची धार वर उडायची. मुंबई सिटीने दोनदा कप जिंकला. पहिल्या वेळी दिवे नव्हते, दुसऱ्या वेळी केळी होत्या. विजयाचा गोल कोचनी अजून एकदाही होताना बघितलेला नाही.

माझं मत विचाराल तर त्यांना तो बघायचाही नाही. त्यांना हवं असतं ते कुणीतरी धावत येऊन सांगणं. पण हे त्यांना मी तोंडावर सांगणार नाही.

2025 च्या जुलैत बातमी आली की करारमदाराच्या भानगडीत पुढचा मोसमच अडला आहे. कोचनी ती पेपरातून दोनदा वाचली आणि घडी घालून ठेवली. रोव्हर्स, महिंद्रा, मुंबई एफसी यांच्या ओळीत आता काय, हे कुणी बोललं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, नाताळचे तारे लागले; लीग काही लागली नाही. शनिवारी संध्याकाळी कोच बाकावर येऊन बसायचे, टीव्ही बंद. सून शेजारी बसायची, तिचीही लीग बंद. बाई नेमाने रक्तदाब मोजत राहिल्या. 120-80. पुढच्या आठवड्यात पुन्हा 120-80. डॉक्टर खूश झाले, एक गोळी कमी केली, म्हणाले, असंच चालू द्या. बाई वही मिटून माझ्याकडे घेऊन आल्या आणि कुजबुजल्या, "अहो, माणूस आजारी आहे हो."

तेव्हा लीग चालू असताना कधी सामन्याच्या संध्याकाळी भुईगावला येणं झालं तर मागच्या वाडीकडून या. एक गृहस्थ भरल्या आळ्यात पाणी सोडत उभे दिसतील. केळी बघा, चाफ्याची चौकशी करा, वसईच्या पाण्याबद्दल बोला. स्कोअर ठाऊक असला तरी सांगू नका. ते सुनेचं काम आहे.